वरचा धागा

वडिलांचं एक भिंग माझ्याकडे आहे. पितळेचं, तीन पाकळ्यांचं. मिटलं तर मुठीत मावतं. उघडून कापडावर उभं केलं तर खालच्या चौकोनी खिडकीत कापडाचा बरोबर एक इंच दिसतो. आमच्या इचलकरंजीत त्याला पिक ग्लास म्हणतात. इंचात उभे धागे किती बसलेत आणि आडवे किती, ते मोजायचं साधन. वडील यंत्रमागावर कामाला होते. सणाला घरात नवं कापड आलं की आई रंग बघायची, आम्ही भावंडं वास घ्यायचो, आणि वडील ते उलटं करून खिडकीशी न्यायचे, भिंग लावायचे आणि 'साठ-बावन्न' असं काहीतरी पुटपुटायचे. सुलटी बाजू गिऱ्हाइकाची, उलटी विणकराची, असं त्यांचं म्हणणं. कापडानं काय काय झाकलंय ते उलट्या बाजूला कळतं.

मी मागावर गेलो नाही. 1986 साली घराच्या पुढच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, दुकानांच्या कापडी पिशव्या, कधी एखाद्या तालमीचे बिल्ले. वडिलांचं भिंग तेव्हाच माझ्याकडे आलं. छापणाऱ्यालाही ते लागतंच: अक्षराची कड फाटलीय का, एका रंगाशेजारी दुसरा नेमका टेकलाय का, हे उघड्या डोळ्यांना धड दिसत नाही.

तेच भिंग खिशात घालून गेल्या वर्षी मी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या संग्रहालयात गेलो. मुलगी कनेक्टिकटमध्ये राहते. कागदावरची चित्रं उजेडानं विटतात, म्हणून ती भिंतीवर थोडेच दिवस लागतात आणि बाकीचा काळ पेट्यांमध्ये, अंधारात असतात. पण आधी कळवून वेळ ठरवली तर तिथली माणसं पेटी उघडून चित्र तुमच्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. काच नाही, दोरी नाही. पिशवी बाहेर ठेवायची, हात धुवायचे, टिपणं पेन्सिलीनंच घ्यायची. मुलीनं सगळं जमवून आणलं होतं. एका तरुण बाईंनी ढकलगाडीवरून एक सपाट पेटी आणली, वरचा पातळ कागद दोन्ही हातांनी अलगद बाजूला केला, आणि माझ्यासमोर लालच लाल पसरलं.

ॲनी आल्बर्स यांचं 'रेड मिअँडर'. स्क्रीन प्रिंट.

मिअँडर म्हणजे नागमोडी वळण. आजच्या तुर्कस्तानात या नावाची एक नदी होती, आजही आहे, नाव थोडं बदललंय. ती इतकी वळणं घेत जाते की तिचं नावच वळणाला पडलं. पण चित्रातलं वळण नदीसारखं गोलाकार नाही. सरळ पट्टी जाते, काटकोनात वळते, पुन्हा वळते, आत शिरते, मागं फिरते आणि बाहेर पडते. जुन्या ग्रीक मडक्यांच्या गळ्याशी असते तशी. फरक इतकाच की तिथं ती काठाला असते, इथं अख्खा आयत तिनंच भरलाय. आणि ती एकटी नाही. तीच आकृती जागा बदलून स्वतःवरच पुन्हा छापलेली आहे. जिथं एकच थर आहे तिथं लाल फिका, दुसरा चढला तिथं गडद, आणखी चढला तिथं पिकलेल्या कोकमासारखा. डोळ्यानं एक पट्टी पकडावी आणि तिच्यामागं जावं, तर चार वळणांत ती दुसरीखाली जाते की दुसरीवर, हे कळेनासं होतं. मी तीन वेळा कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिन्ही वेळा मधे कुठंतरी वाट चुकली आणि मी दुसऱ्याच पट्टीवरून बाहेर पडलो.

भूमितीची चित्रं थंड असतात, त्यात माणूस नसतो, असं लोक म्हणतात. पत्रिका छापताना गिऱ्हाईकही मला हेच सांगायचं: नुसत्या रेघा नकोत, गणपती टाका. मी त्या टेबलाशी तासभर बसलो होतो. ते चित्र मला थंड वाटलं नाही. कुणीतरी आयुष्यभर एका अडचणीशी झटावं आणि म्हातारपणी एका सकाळी तिची कडी निघावी, तसं ते वाटलं. ही अडचण मला ठाऊक होती. माझ्या घरात ती रोज संध्याकाळी सूत झटकत जेवायला बसायची.

आल्बर्सबाई जन्मानं जर्मन. 1899 साली बर्लिनमध्ये सुखवस्तू ज्यू घराण्यात जन्मल्या. आजोळ नावाजलेल्या प्रकाशकांचं. चित्रकार व्हायचं म्हणून 1922 मध्ये वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत गेल्या. शाळा नव्या विचारांची, मुलामुलींना सारखं वागवू म्हणणारी. पण प्रत्यक्षात मुली आल्या की त्यांना विणकामाच्या कार्यशाळेकडे धाडायचे. धातू, लाकूड, काच ही बाप्यांची कामं. बाईंना दोऱ्याची ओढ नव्हती. त्यांना ते काम लेचंपेचं वाटलं होतं. त्यात पायांचं आनुवंशिक दुखणं, त्यामुळे चालणं कष्टाचं. नाइलाजानं त्या मागावर बसल्या, आणि बसल्या त्या चाळीसहून अधिक वर्षं.

तिथंच त्यांना योसेफ आल्बर्स भेटले. 1925 मध्ये लग्न झालं. पॉल क्ले हे चित्रकार विणकाम शिकणाऱ्यांना आकारांचे पाठ द्यायचे, ते त्यांनी मनापासून घेतले. 1930 च्या पदवीसाठी त्यांनी एका सभागृहाच्या भिंतीचं कापड विणलं. सुताबरोबर सेलोफेन वापरलं होतं. एक बाजू आवाज शोषून घ्यायची, दुसरी उजेड परतवायची. हे वाचलं तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. कापडाला दोन बाजू आहेत हे ज्याच्या हाताला माहीत आहे त्यालाच असं काही सुचावं.

1933 मध्ये नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघं नवराबायको अमेरिकेला गेली, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला. पुढच्या वर्षांत त्यांनी मेक्सिकोच्या डझनभर तरी वाऱ्या केल्या. मेक्सिकोत मित्ला म्हणून जागा आहे, तिथल्या जुन्या भिंतींवर कापलेल्या दगडांचे तुकडे सांधून अशाच काटकोनी नागमोडी पट्ट्या बसवलेल्या आहेत. पण बाईंचा खरा जीव जडला तो पेरूच्या प्राचीन विणकरांवर. 1965 मध्ये त्यांनी विणकामावर जाडजूड पुस्तक लिहिलं, ते त्या निनावी विणकरांना गुरू मानून त्यांनाच अर्पण केलं. ज्यांना लिपी ठाऊक नव्हती अशा माणसांना एका लेखिकेनं पुस्तक अर्पण करावं, हे मला फार मोठं वाटतं. आमच्या गावात 1904 साली पहिला यंत्रमाग आला, तो आणणाऱ्या विठ्ठलराव दातारांचं नाव सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी हातमागावर बसणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही.

आता मागाविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्यावाचून ते लाल चित्र समजायचं नाही.

मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. धोटा कांडी पोटात घेऊन आडवा धावतो, मागं आडवा धागा सोडत जातो, तो बाणा. फणी तो ठोकून बसवते. एवढंच. शालू असो की मांजरपाट, जगातलं सगळं विणलेलं कापड याच करारावर उभं आहे: जिथं ताणा आणि बाणा एकमेकांना छेदतात तिथं एक वर राहील, दुसरा खाली जाईल. तिसरी गत नाही. लाल ताण्यावर पिवळा बाणा घेतला तर प्रत्येक छेदाला लाल तरी दिसेल, नाहीतर पिवळा. नारिंगी दिसली तर ती डोळ्याची बेरीज, कापडात ती कुठंच नसते. धूपछाव लुगड्याची सगळी जादू हीच. पदर हलला की कधी ताण्याचा रंग पुढं होतो, कधी बाण्याचा. पण भिंग लावलं की जादू संपते. इंचभर खिडकीत दोन रंगांचे धागे आळीपाळीनं वर-खाली झालेले दिसतात, आणि एकाच ठिकाणी दोन्ही कधीच दिसत नाहीत.

बाईंनी या कराराला किती वाकवून पाहिलं! 1920 च्या दशकात त्यांनी रेशमाच्या दुहेरी-तिहेरी विणीच्या भिंतपट्ट्या केल्या. दुहेरी वीण म्हणजे एकाच मागावर एकावर एक दोन कापडं एका वेळी विणायची. हवं तिथं खालचं वर काढायचं, वरचं खाली न्यायचं. तिहेरीत तीन थर. हे नुसतं मनात धरणंही अवघड आहे, हातमागावर विणणं तर दूरच. पण तिथंही गत तीच. काळा वर आला की पांढरा आणि लाल त्याच्या पाठीशी लपले. हरलेला रंग कापडातच असतो, तुम्ही त्याचं वजन हातात घेता, त्याचे पैसे मोजता, फक्त तो दिसत नाही.

1954 मध्ये त्यांनी 'रेड मिअँडर' विणलं, लिनन आणि सुताचं. तीच वळणं, तोच लाल. मी त्याचं फक्त छायाचित्र पाहिलंय. पट्टी फिकी आहे, पार्श्वभूमी गडद आहे, आणि दोघींच्या सीमेवर प्रत्येक धागा कुणाच्या तरी बाजूनं गेलेला आहे. सुंदर कापड आहे. पण पट्टी पट्टीवरून गेलेली नाही. जाऊच शकत नाही.

मग 1963 साल उजाडलं. बाई चौसष्ट वर्षांच्या. तोवर त्यांचं नाव मोठं झालं होतं. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्यांचं एकटीचं प्रदर्शन भरवलं होतं. विणणाऱ्या कलावंताला तो मान तिथं पहिल्यांदाच मिळाला होता. योसेफ यांना लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड या शिळाछापाच्या कार्यशाळेनं बोलावलं होतं, बाई नुसत्या सोबत गेल्या. तिथं त्यांना काही काम नव्हतं. कार्यशाळा चालवणाऱ्या जून वेन यांनी त्यांनाही हात चालवून बघायला सांगितलं. बाईंनी दगडावर रेघ ओढली आणि त्यातून त्या परत आल्याच नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. सात-आठ वर्षांत त्यांनी विणणं थांबवलं, माग देऊन टाकला. मे 1994 मध्ये कनेक्टिकटमधल्या ऑरेंज गावी त्या गेल्या. माग दिल्यापासून तोवरची त्यांची सारी वर्षं कागदाची होती.

माग देऊन टाकला, या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबतो. आमच्या गावात माग विकणं म्हणजे घरात मयत झाल्यासारखं असायचं. भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला की शेजारी आत निघून जायचे. बाईंनी तो कोणत्या मनानं दिला असेल? अंगकष्ट झेपत नव्हते हे खरंच. दुसरंही एक कारण होतं, ते त्यांनी पुढं बोलूनही दाखवलं: जे काम धाग्यात केलं की लोक त्याला कारागिरी म्हणत, तेच कागदावर आलं की त्याला कला म्हणू लागले. हे वाचून मला राग आला. तो अजून उतरलेला नाही. चाळीस वर्षं विणलेलं कापड कमी, आणि त्याच बाईच्या त्याच डोक्यातून आलेला कागद जास्त, हे कुणी ठरवलं? पण बाई रागावून थांबल्या नाहीत. कागदावर त्यांना असं काही सापडलं होतं जे मागानं कधी दिलंच नसतं, आणि मला वाटतं, माग सुटला तो मुख्यतः त्यामुळे.

गंमत म्हणजे स्क्रीन प्रिंट हीसुद्धा मुळात कारागिरांचीच जात. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, बरण्यांवरची नावं, अशी कामं करणाऱ्यांचं तंत्र. 1930 च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेच्या सरकारनं बेकार कलावंतांना कामं दिली, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अँथनी व्हेलोनिस यांच्या पुढाकारानं या तंत्राचा एक विभाग निघाला आणि चित्रकार जाळीवर काम करायला लागले. पाटीवाल्यांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून नावही नवं काढलं, सेरीग्राफ. मला ते नाव आवडत नाही. ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्यापासून लांब उभं राहायचं नाव आहे ते.

काम तर आम्ही घरी करायचो तेच. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. त्याला इमल्शनचा लेप देऊन अंधारात वाळवायचा. वर चित्राची पॉझिटिव्ह फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. उजेड लागेल तिथं लेप घट्ट होतो, चित्राखाली झाकलेला पाण्यानं धुऊन जातो. मग चौकट कागदावर टेकवायची, एका कडेला शाई ओतायची आणि रबराची स्क्वीजी एका दमात ओढायची. मधे थांबलात की तिथं पट्टा उमटतो. दुसऱ्या रंगाला दुसरी चौकट, पण कागद नेमका त्याच जागी यायला हवा. याला आम्ही रजिस्टर जुळणं म्हणायचो. आमचं सगळं कसब, सगळी अब्रू त्या रजिस्टरवर. केसभर रंग हलला तरी माल परत.

माझा एकदा हलला होता. 1991 सालचा मे महिना, लग्नसराई. तीनशे पत्रिका, दोन रंग: आधी पिवळा कलश, मग त्यावर लाल वेलबुट्टी आणि मजकूर. चौकटीची बिजागरी ढिली झाली होती ती माझ्या ध्यानात आली नाही. लाल शाईत थिनरही जास्त पडलं होतं. दोनशे कार्डं ओढून झाल्यावर वाळायला लावलेल्या रांगेकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. लाल रंग पाव इंच उजवीकडे सरकून कलशावर चढला होता. लग्न बारा दिवसांवर, नवं कार्ड आणायला पैसे नाहीत. मी खोलीचं दार लावून खाली बसलो.

वडील दुपारपाळी संपवून आले. कपड्यांवर, भुवयांवर सूत. त्यांनी काही विचारलं नाही. एक कार्ड उचललं, दिव्याखाली धरलं.

"ही शेंदरी शाई कवा आणलीस?"

"शेंदरी नाही, अण्णा. लाल आणि पिवळा, दोनच आहेत."

"मग हितं शेंदरी कुठनं आली?"

"लाल पातळ झाला, पिवळ्यावर बसला. खालचा वरून दिसतोय."

ते कार्ड डोळ्याजवळ घेऊन बघत राहिले. मग भिंग मागितलं. मी ते दिलं. कार्ड टेबलावर ठेवून त्यांनी भिंग उभं केलं, वाकले, आणि कापड बघायचे तितकाच वेळ बघत राहिले.

"म्हंजे दोन्ही हैत हितं. एकाच जागी."

"हां."

"मागावर न्हाई व्हायचं हे," ते म्हणाले. "तिथं एक वर आला की दुसरा खाली गेलाच."

त्या रात्री त्यांनी पतपेढीतल्या ओळखीच्या माणसाला उठवून पैसे आणले, पहाटे मी कोल्हापूरहून कार्डं आणली, सगळं पुन्हा छापलं. खराब पत्रिका चुलीत गेल्या. एक मात्र त्यांनी ठेवून घेतली होती. त्यांच्या ट्रंकेत मागाहून मला ती सापडली, पगाराच्या जुन्या चिठ्ठ्यांत. मी तेव्हा तिचा फार विचार केला नाही.

त्या टेबलाशी बसून मी तिचाच विचार करत होतो. आल्बर्सबाईंच्या कागदावर रंग हललेला आहे, जाणूनबुजून. आकृती आकृतीवर नेमकी बसू दिलेली नाही. सरकवून, जागा बदलून ती पुन्हा घेतलीय. आम्ही ज्याला वेस्टेज म्हणून चुलीत घातलं, तेच त्यांनी जोखून, मापून, चौकटीत बसवलंय. आणि शाई पारदर्शक ठेवलीय, म्हणून वरचा थर खालच्याला गिळत नाही. छेद आला की दोन्ही असतात. गडद लाल तिथं कुणी ओतलेला नाही, दोन फिक्या लालांनी तो मिळून केलाय. एका पट्टीमागं डोळा नेताना माझी वाट चुकत होती ती म्हणूनच: मी वरची कुठली आणि खालची कुठली ते शोधत होतो, अस्सल इचलकरंजीकरासारखा. इथं वर-खाली उरलंच नव्हतं.

चाळीसहून अधिक वर्षं दर छेदाला एक धागा निवडायचा आणि दुसरा लपवायचा. एका इंचात हे शेकडो वेळा. मग एक दिवस असा कागद समोर येतो की निवडायची गरज नाही. मला वाटतं, बाईंनी 1954 ची तीच लाल वळणं पंधरा वर्षांनी पुन्हा हाती घेतली ती उगाच नाही. नव्या कल्पनांची त्यांना टंचाई नव्हती. त्याच सुमारास त्या त्रिकोणांची कितीतरी चित्रं करत होत्या. पण मागानं जिथं अडवलं होतं त्याच जागी परत जाऊन बघायचं होतं, असं मला वाटतं. विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाचं हे वाटणं आहे.

पेटी आणणाऱ्या तरुण बाईंना मी विचारलं, भिंग लावून बघू का? त्यांनी माझ्या हातातलं पितळ पाहिलं आणि कागदाला टेकवायचं नाही असं बजावून परवानगी दिली. म्हणून मी ते उभं न करता हवेत धरलं. माझा हात आता पूर्वीइतका स्थिर राहत नाही, तेव्हा डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं. खिडकीत लाल कड आली. उघड्या डोळ्याला ती सुरीनं कापल्यासारखी सरळ दिसत होती. भिंगातून पाहिली तर बारीक, फार बारीक दाते.

हे दाते मी ओळखतो. जाळीतून शाई उतरताना जिथं जिथं जाळीचा धागा आडवा येतो तिथं ती किंचित अडते, तिथं कड दातेरी होते. कारण जाळी हीसुद्धा कापडच. पूर्वी रेशमाची असायची, मग नायलॉनची, पॉलिस्टरची, पण आहे ती मागावरच विणलेली: साधी वीण, एक वर एक खाली, इंचात शेकडो धागे. पत्रिका छापताना इतकी वर्षं मी जाळीचे नंबर बघून ती विकत आणली, पण ते नंबर म्हणजे धाग्यांची मोजणी आहे, वडील 'साठ-बावन्न' पुटपुटत तीच मोजणी, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. माग देऊन टाकलेल्या बाईंच्या चित्राचा प्रत्येक थेंब ताण्या-बाण्याच्या मधल्या भोकांतून खाली आलेला होता. मी भिंगातून पुन्हा पाहिलं. शाई कागदात मुरलेली नव्हती, वर बसली होती, पातळ सायीसारखी. दोन थरांच्या जागी तिला किंचित उंची होती. तिरप्या उजेडात त्या पायरीची सावलीही दिसली, तीही लालच.

खाली पांढऱ्या जागेत पेन्सिलीत सही होती. लहान, सरळ अक्षर.

वेळ संपत आली. त्या तरुण बाई पातळ कागद उचलून थांबल्या आणि आणखी काही बघायचंय का विचारलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी दुसरं चित्र मागेन, त्यांच्याकडे योसेफ यांची चौकोनांची चित्रंही होती आणि तिला ती फार आवडतात.

"याची उलटी बाजू बघता येईल का?" मी म्हणालो.

मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं. त्या बाईंना नवल वाटलं असावं, पण त्यांनी नकार दिला नाही. दोन कोपरे धरून त्यांनी कागद सावकाश उलटला आणि स्वच्छ पुठ्ठ्यावर ठेवला. एका कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला संग्रहालयाचा क्रमांक होता. बाकी सगळा कागद पांढरा. एक टाका नाही, एक गाठ नाही, लपवलेला एकही धागा नाही. मी भिंग मिटलं, आणि खिशात ठेवायच्या आधी थोडा वेळ मुठीत तसंच धरून ठेवलं.